तुरळक ठिकाणी मुसळधार: हवामानाच्या अंदाजातला 'स्कॅटर्ड' नेमका काय सांगतो?

आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी हवामानाचा अंदाज टाकायचं काम माझ्याकडे आहे. गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापूस, तूर आणि सोयाबीनचं. इंग्रजी पत्रक वाचायचं आणि मराठीत चार ओळी लिहायच्या, एवढंच काम. जूनमध्ये एका सकाळी मी लिहिलं, 'विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस.' दहा मिनिटांत शेजारच्या काकांचा फोन आला.

"काय लिहिलं रे बाबू तू? तुरळक बी म्हणते अन् मुसळधार बी म्हणते. एक काय ते सांग ना सीधं."

काकांचा प्रश्न बिनतोड होता. आपल्या बोलण्यात 'तुरळक पाऊस' म्हणजे चार थेंब, अंगणातली धूळ बसेल एवढा. मग तुरळक आणि मुसळधार एकाच ओळीत कसे बसतात? त्याच आठवड्यात माझ्या चुलत भावानं 'स्कॅटर्ड रेन'चा अर्थ 'पाऊस आता सगळीकडे पसरला' असा लावला आणि एका सरीवर सोयाबीन पेरलं. पुढचे अकरा दिवस आभाळ कोरडं राहिलं. बियाणं जमिनीत फुगलं आणि तिथंच वाळलं. पुन्हा बॅग, पुन्हा तिफन, पुन्हा मजुरी.

तेव्हापासून या शब्दाचा मी पिच्छा पुरवला. जे हाती लागलं ते इथं सांगतो.

आधी शब्दाकडे बघू

'स्कॅटर्ड' म्हणजे विखुरलेलं, पांगलेलं. शब्दकोशात पाहिलं तर काम संपलं असं वाटतं, पण अडचण तिथूनच सुरू होते. इंग्रजीत हा एक शब्द अनेक ठिकाणी चालतो. आपल्याकडे प्रत्येक वस्तू आपापल्या पद्धतीनं विखुरते आणि तिच्यासाठी वेगळं क्रियापद असतं. गुरं पांगतात. दाणे विखुरतात. केस विस्कटतात. गुलाल उधळतो. पोतं फाटलं की सरकी सांडते. यातलं कुठलं क्रियापद पावसाला लावायचं?

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानपट्ट्यातल्या माणसाला मी हे पटकन सांगू शकतो. तिकडे धानाची 'आवत्या' करतात. म्हणजे पऱ्हे (रोपं) टाकून रोवणी (लावणी) न करता बी सरळ मुठीनं फेकायचं. आवत्याच्या बांधीत उगवण झाली की बघा, कुठे दाट पुंजका, कुठे दोन काड्या, कुठे हातभर जागा मोकळी. बी कमी टाकलं असं नाही, ते सगळीकडे सारखं पडलं नाही. स्कॅटर्ड पाऊस म्हणजे आभाळानं केलेली आवत्या. जिथं मूठ पडली तिथं दाट, जिथं नाही पडली तिथं काहीच नाही. उलट तिफनीनं पेरलेलं वावर कसं दिसतं? तास न् तास सारखं. तसा पाऊस पडला तर त्याला हवामान खातं 'वाइडस्प्रेड' म्हणतं, म्हणजे सर्वदूर.

म्हणजे हा शब्द पाऊस किती पडेल हे सांगत नाही. तो किती जागी पडेल, एवढंच सांगतो. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

हवामान खात्याची मोजपट्टी

भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याच्या पत्रकातला शब्द आपल्या बोलण्यातल्या शब्दासारखा सैल नसतो, त्याच्यामागे आकडा असतो. एखाद्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी किती केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, त्यावरून चार पायऱ्या केल्या आहेत.

सर्वांत खालची पायरी 'आयसोलेटेड', मराठीत 'तुरळक ठिकाणी' किंवा 'एक-दोन ठिकाणी'. म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रं. तिच्यावर आपला 'स्कॅटर्ड', मराठी पत्रकात 'काही ठिकाणी', २६ ते ५० टक्के. मग 'फेअरली वाइडस्प्रेड', 'बऱ्याच ठिकाणी', ५१ ते ७५ टक्के. आणि सगळ्यांत वर 'वाइडस्प्रेड', 'बहुतांश ठिकाणी', ७६ टक्के आणि त्याहून जास्त.

टक्केवारी डोळ्यांसमोर येत नसेल तर आमचा वर्धा जिल्हा घ्या. तालुके आठ: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. समजा, प्रत्येक तालुक्यात पाऊस मोजणारं एकच केंद्र आहे. आठपैकी एक किंवा दोन तालुके भिजले तर तो 'तुरळक ठिकाणी'. तीन किंवा चार भिजले की 'काही ठिकाणी', म्हणजेच स्कॅटर्ड. पाच-सहा भिजले तर 'बऱ्याच ठिकाणी', सात-आठ भिजले तर 'बहुतांश ठिकाणी'.

आता बघा, स्कॅटर्डचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, आर्वी, आष्टी आणि कारंजा चिंब भिजले, तरी उरलेले पाच तालुके कोरडे आहेत. त्या पाच तालुक्यांतला माणूस संध्याकाळी म्हणेल की अंदाज चुकला. त्याच्या वावरापुरतं त्याचंही खरं आहे.

बातम्यांमध्ये घोटाळा होतो तो इथंच. कुठे 'आयसोलेटेड'ला तुरळक म्हणतात, कुठे 'स्कॅटर्ड'लाही तुरळकच म्हणतात, आणि पुढचा 'ठिकाणी' हा शब्द तर सर्रास गाळतात. 'तुरळक ठिकाणी पाऊस' आणि 'तुरळक पाऊस' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात ठिकाणं तुरळक असतात, दुसऱ्यात पाऊस. मला विचाराल तर तो एक 'ठिकाणी' वाचवणं हे अंदाज मराठीत आणणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं काम आहे.

एका ओळीत तीन पट्ट्या

पत्रकातली पूर्ण ओळ साधारण अशी असते: 'काही ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस पडण्याची दाट शक्यता.' यात तीन वेगवेगळ्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली पट्टी जागेची, ती आपण पाहिली.

दुसरी मापाची. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका. १५.६ ते ६४.४ मध्यम. ६४.५ ते ११५.५ मुसळधार. ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, आणि त्यावर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. मध्यम पावसाचा पल्ला केवढा मोठा आहे ते बघा. १६ मिलिमीटरही मध्यम आणि ६४ मिलिमीटरही मध्यम. पहिल्यात ढेकळं नरम होतात, दुसऱ्यात नाला वाहतो.

तिसरी पट्टी खात्रीची. खात्याच्या इंग्रजी पत्रकात 'लाइकली' म्हटलं तर २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५, 'मोस्ट लाइकली' म्हणजे त्याहून जास्त. मराठीत हे सगळं बहुधा 'शक्यता' या एकाच शब्दात गोळा होतं आणि खात्रीचा कमीजास्तपणा वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

आता काकांची ओळ पुन्हा वाचा. 'तुरळक ठिकाणी मुसळधार.' फार थोड्या जागी पडेल, पण जिथं पडेल तिथं ६४.५ मिलिमीटरच्या वर पडेल. मी काकांना फोनवर म्हटलं, "काका, लग्नात पंगत एकच बसली, पण त्या पंगतीले वाढलं पोटभर." काका म्हणाले, "हं, आता कसं. मंग आपली पंगत हाये का नाही, ते कोन सांगते?" त्या प्रश्नाकडे थोड्या वेळानं येतो.

ढग असा का वागतो

पाऊस दोन तऱ्हांनी येतो. जूनच्या सुरुवातीला रोहिणी-मृगात दुपारी मरणाचं उकडतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर उठते. वर गेली की थंड होते, तिच्यातली वाफ पाण्याचे थेंब होते आणि ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा उभा चढत जातो. असा एकटा ढग रुंदीला काही किलोमीटरच असतो. अर्धा-एक तास गरजतो, बरसतो आणि विरून जातो. त्यानं सोडलेली गार हवा जवळपास दुसरा ढग उठवते. कुठली हवा आधी उठेल हे लहानसहान गोष्टींवर ठरतं: टेकडीचा उतार, धरणाचं पाणी, काल भिजलेली जमीन आणि शेजारची कोरडी जमीन. म्हणून नाल्याच्या पलीकडे पाणी आणि अलीकडे फुफाटा, असं दृश्य आपण दरवर्षी बघतो. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजलं, एक कोरडं राहिलं. स्कॅटर्ड पावसाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्या पत्रकात सापडलेलं नाही.

दुसरी तऱ्हा वेगळी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे सरकतं. त्याच्यासोबत येणारा ढग उभा गड्डा नसतो, शेकडो किलोमीटर आडवा अंथरलेला असतो. झड लागते ती तेव्हा. दोन दोन दिवस सूर्य दिसत नाही, गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत सगळे ओले. त्या दिवसांत पत्रकात 'बहुतांश ठिकाणी' दिसतं.

नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. रडार म्हणजे रेडिओ लहरी सोडून पावसाच्या थेंबांवरून परत येणारा प्रतिसाद टिपणारं यंत्र. त्याची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. स्कॅटर्डच्या दिवशी ते चित्र उघडा. नकाशावर रंगाचे सुटे ठिपके दिसतात, दर पंधरा-वीस मिनिटांनी एखादा विझतो, दुसरा उमटतो. झडीच्या दिवशी तिथंच एक मोठी चादर दिसते. मी काकांना ही दोन चित्रं शेजारीशेजारी दाखवली. त्यानंतर 'तुरळक बी अन् मुसळधार बी' हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

हाच शब्द दुसरीकडे

थोडं विषयांतर करतो, कारण इथं पोरांचाही गोंधळ होतो. विमानतळावरच्या हवामानाच्या नोंदीतही 'स्कॅटर्ड' असतो, पण तो पावसाबद्दल नसून ढगांबद्दल असतो. तिथं आभाळाचे आठ भाग मानतात. एक-दोन भाग झाकले तर 'फ्यू', तीन-चार भाग झाकले तर 'स्कॅटर्ड', पाच ते सात झाकले तर 'ब्रोकन', आठही झाकले तर 'ओव्हरकास्ट'. तेव्हा एखाद्या अ‍ॅपमध्ये 'स्कॅटर्ड क्लाउड्स' दिसलं तर तिफन काढायची घाई नको. अर्ध्यापर्यंत आभाळ ढगांनी झाकलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात थेंबाचं वचन नाही.

भूगोलाच्या पुस्तकात 'विखुरलेली वस्ती' भेटते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एकेका गावाचे दूर दूर पडलेले टोले (लहान वस्त्या) दिसतात, तशी. आणि भौतिकशास्त्रात प्रकाश विखुरतो. हवेच्या कणांवर आपटून निळा रंग लाल रंगापेक्षा जास्त विखुरतो, म्हणून आभाळ निळं दिसतं. याच विखुरण्याचा अभ्यास करताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो शोध लागला, त्यासाठी त्यांना १९३० चं नोबेल मिळालं. शाळेत आपण विज्ञान दिन साजरा करतो तो त्याच तारखेला. सगळीकडे मूळ कल्पना एक, मोजमाप मात्र वेगळं.

'मोबाइल चाळीस टक्के दाखवतो, ते हेच ना?'

नाही. शेजारचे शब्द आहेत, पण एक नाहीत. मोबाइलमधला ४० टक्के हा तुमच्या ठिकाणी, त्या वेळात पाऊस पडण्याच्या शक्यतेचा आकडा असतो. आपल्या खात्याचा स्कॅटर्ड हा भागातल्या किती केंद्रांवर पडेल याचा हिशेब आहे. गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत 'स्कॅटर्ड' हा शब्द ३० ते ५० टक्के शक्यतेसोबत वापरतात, म्हणून परदेशी अ‍ॅप आणि आपलं पत्रक यांची आपण नकळत सरमिसळ करतो.

तरी एकावरून दुसऱ्याकडे अंदाजे जाता येतं. जिल्ह्यातल्या २६ ते ५० टक्के ठिकाणी पाऊस नक्की पडणार असेल आणि सगळी गावं सारखीच असतील, तर तुमच्या गावाचा नंबर लागण्याची शक्यता पाव ते अर्धी. म्हणजे चारात एक ते दोनात एक. पण गावं सारखी नसतात. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आणि पूर्णेच्या खोऱ्यातलं सपाटीवरचं गाव यांच्या वाट्याला सारखी संधी येत नाही. आपल्या गावावर कुठल्या दिशेचा ढग बरसतो आणि कुठला हुलकावणी देऊन जातो, हे गावातल्या जुन्या माणसांना पाठ असतं. ते ज्ञान पत्रकासोबत वापरावं.

'चार दिवस स्कॅटर्ड सांगितला, आमच्याकडे टिपूस नाही. मग हा अंदाज कसला?'

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि त्यामागची चीड मला कळते. घरात बियाणं आणून ठेवलंय, कर्जाचं व्याज चालू आहे, आणि आभाळ रोज दिसतं पण देत नाही.

आपण साधा हिशेब करू. समजा, रोज तीन गावांतल्या एका गावात पाऊस पडतो. म्हणजे तुमचं गाव एका दिवशी कोरडं राहण्याची शक्यता तीनात दोन. दोन दिवस कोरडं राहण्याची नवात चार. चारही दिवस कोरडं राहण्याची ८१ त १६, म्हणजे साधारण पाचात एक. अंदाज चारही दिवस अक्षरशः खरा ठरला तरी पाचातलं एक गाव चार दिवस कोरडं राहू शकतं. प्रत्यक्षात एका दिवसाचं हवामान दुसऱ्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण ते पाचवं गाव कुठेतरी असतंच, आणि तिथल्या माणसाला हा हिशेब कोणी समजावून सांगत नाही.

'हात झटकायला असे शब्द काढले आहेत'

असंही लोक म्हणतात. कुठेतरी पडला की अंदाज खरा, नाही पडला तर 'आम्ही काही ठिकाणीच म्हटलं होतं.' मला हे पटत नाही, कारण शब्दामागे आकडा आहे. स्कॅटर्ड सांगितला आणि ८० टक्के केंद्रांवर पाऊस नोंदला गेला तर अंदाज चुकलाच, आणि एकाही केंद्रावर नाही पडला तरी चुकलाच. खात्याला स्वतःच्या अंदाजाची तपासणी याच आकड्यांवर करावी लागते. पळवाट हवी असती तर आकडे ठेवलेच नसते.

माझी तक्रार वेगळी आहे. हे आकडे शेतकऱ्यापर्यंत पोचत नाहीत. पत्रक तयार करणाऱ्याला शब्दाचा अर्थ माहीत असतो, वावरात उभ्या असलेल्या माणसाला नसतो. मधल्या वाटेत कुणीतरी 'ठिकाणी' गाळतं, कुणीतरी 'शक्यता' गाळतं, आणि 'विदर्भात मुसळधार' एवढाच मथळा उरतो. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे आणि सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर. एवढ्या मुलखावर एका शब्दात बोलायचं तर तो शब्द पूर्णच सांगितला पाहिजे.

रंगांचंही तसंच. जिल्हा नकाशावर पिवळा झाला की लोक म्हणतात आज सगळा जिल्हा भिजणार. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. जिल्ह्यातल्या एक-दोन ठिकाणच्या विजांसाठीही पूर्ण जिल्हा पिवळा होऊ शकतो. विजांपुरतं मात्र मी हात जोडून सांगतो, 'तुरळक ठिकाणी' वाचून निर्धास्त राहू नका. वीज ज्या एका झाडावर पडते, त्याच्याखाली उभ्या माणसाला टक्केवारी वाचवत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप जवळच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा असतील तर इशारा देतं. डवरणीला किंवा रोवणीला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत एकाच्या तरी मोबाइलमध्ये ते असावं.

'गावाचा अंदाज का देत नाहीत?'

'आपली पंगत हाये का नाही' हा काकांचा राहिलेला प्रश्नही हाच. गावाचा अंदाज आता देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंचायत राज मंत्रालय आणि हवामान खातं यांनी मिळून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज सुरू केला. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आली. ती देशाचा नकाशा ६ किलोमीटरच्या चौकटींत मांडून गणित करते, आधीच्या चौकटी १२ किलोमीटरच्या होत्या. जाळी बारीक झाली, हे चांगलंच आहे.

पण उन्हाळ्याच्या शेवटी उठणारा तो एकटा ढग आठवा. तो कधी कधी या चौकटीपेक्षाही लहान असतो. गव्हाच्या चाळणीतून राजगिरा खाली पडतो, तसा तो जाळीतून निसटतो. चौकटीत 'पाऊस' दिसला तरी त्याच्या कुठल्या कोपऱ्यात, हे यंत्राला अजून नक्की सांगता येत नाही. म्हणून गावाचा अंदाज बघावा, पण सुट्या सरींच्या दिवसांत त्याला मुहूर्त समजू नये.

पेरणीचा हिशेब

माझ्यासाठी हा सगळा खटाटोप इथं येऊन थांबतो. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. तो पाऊस कुठला मोजायचा? आपल्या वावरातला. जिल्ह्याची सरासरी मोजायची नाही, तालुक्याचा आकडाही नाही. स्कॅटर्डच्या दिवसांत सरासरी फार फसवते. शेजारच्या तालुक्यात ९० आणि आपल्याकडे १०, सरासरी ५०, आणि बियाणं मात्र १० मिलिमीटरच्या ओलीत पडलेलं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरभर वावरावर तो चार हजार लिटरच्या थोडा वर जातो. २० मिलिमीटरची एक चांगली सर एकराला ८० हजार लिटर देते, म्हणजे पाच हजार लिटरचे सोळा टँकर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण मे महिन्यात भेगाळलेली काळी जमीन ते सगळं पिऊन वरून दोन दिवसांत कोरडी दिसते. माझ्या भावाचं सोयाबीन अशाच एका सरीवर गेलं. मी त्या वावरात बोटानं उकरून बघितलं होतं. वरचे तीन बोटं ओल, खाली खटखटीत ढेकूळ. दाणा फुगून दुप्पट झालेला, साल सुटलेली, कोंब पांढरा आणि टोकाशी तपकिरी.

म्हणून माझा रिवाज असा: पत्रकात नुसता 'तुरळक' किंवा 'काही ठिकाणी' चालू असेल आणि पुढचे चार-पाच दिवसही तेच असेल, तर बॅग फोडायची नाही. 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द सलग दिसू लागले आणि आपल्या वावरात आकडा भरला, की तिफन काढायची. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी हवामान सल्ल्यात याच शब्दांवरून पेरणी, फवारणी आणि खताचा सल्ला असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी तो वाचावा. फवारणीला उलटा नियम लावतो. 'काही ठिकाणी' जरी असलं तरी औषध धुऊन जायची भीती तीनात एक आहे, आणि औषध महाग आहे.

मंडळातलं मापक आणि आपलं वावर

विखुरलेल्या पावसाची सगळ्यांत कडू बाजू नुकसानीच्या वेळी कळते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तो पाऊस मोजतं मंडळातलं मापक. राज्यात अशी मंडळं दोन हजारांवर आणि गावं चाळीस हजारांवर, म्हणजे एका मापकाच्या वाट्याला सरासरी वीसेक गावं. साध्या पर्जन्यमापकाचं तोंड वीतभरही रुंद नसतं. ढग मापकाला चुकवून चार किलोमीटर अलीकडे फुटला, तर नाल्याकाठची पऱ्हाटी (कपाशी) मुळासकट जाते आणि कागदावर त्या दिवशी १२ मिलिमीटर लागतो. खोटं कोणीच लिहिलेलं नसतं. मापक जिथं आहे तिथं खरंच १२ पडलेला असतो.

त्यामुळे असं झालं की वाट बघत बसू नये. त्याच दिवशी तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढावेत, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवावं आणि कळवल्याची पोच घ्यावी. गावात दोन-चार जणांनी पाऊस रोज मोजून वहीत लिहिलेला असेल तर बोलायला आधार मिळतो. त्या वहीला सरकारी मापकाचं मोल नाही, हे मला माहीत आहे. पण पंचनाम्याला आलेल्या माणसासमोर 'लय पाणी झालं साहेब' म्हणणं वेगळं आणि रोजच्या आकड्यांची वही उघडणं वेगळं.

धुऱ्यावरचा डबा

मोजायला काही विकत आणावं लागत नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. बादली नको, तिचं तोंड बुडापेक्षा मोठं असतं आणि आकडा फुगतो. धुऱ्यावर म्हणजे वावराच्या बांधावर, झाडापासून आणि घरापासून लांब एक खुंटी ठोका आणि डबा तारेनं तिला पक्का बांधा, तोंड आभाळाकडे सपाट. रोज सकाळी साडेआठला शाळेची स्केलपट्टी आत उभी धरा, पाणी किती मिलिमीटर चढलं ते लिहा आणि डबा रिकामा करा. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो, तेवढं त्यात मिळवायचं. डब्याचं तोंड केवढंही असलं तरी चालतं, भिंती सरळ असल्या की मिलिमीटर तोच येतो.

आमच्या गावात आता असे तीन डबे आहेत. एक नाल्यापलीकडे काकांच्या वावरात, एक माझ्या धुऱ्यावर, एक शाळेमागे. ज्या दिवशी पत्रकात 'काही ठिकाणी' होतं, त्या एका रात्रीनंतरच्या सकाळी काकांनी ग्रुपवर सगळ्यांच्या आधी आकडा टाकला: ३१. माझ्या डब्यात ४ होते. शाळेच्या डब्यात एक नाकतोडा होता आणि बूड कोरडं. काकांचा लगेच फोन आला, "बाबू, काल पंगत माह्या वावरात बसली." त्या दिवशी काकांच्या वहीतली बेरीज ८२ झाली, माझी ३८. त्यांनी पेरलं. मी आणखी नऊ दिवस थांबलो.